मन लावून काम करा म्हणे!

आमच्या अंकाची प्रुफं रात्री जागून तपासणारा एक मित्र दिवसा एका कंपनीत कामाला जातो. कंपनीचं नाव घेत नाही. नोकरी त्याची आहे, आमची नाही. तर गेल्या महिन्यात त्याच्या कॉम्प्युटरवर एक फॉर्म आला. वीस-बावीस प्रश्न. सकाळी कामावर येताना तुम्हाला उत्साह वाटतो का? ही कंपनी तुम्हाला आपली वाटते का? सांगितल्या कामापेक्षा चार पावलं जास्त टाकायची तुमची तयारी असते का? एक ते पाचपैकी एका आकड्यावर खूण करा. नाव लिहू नका. फक्त खातं, हुद्दा आणि नोकरी किती वर्षं झाली ते लिहा. म्हणजे नाव सोडून सगळं लिहा! या प्रकाराला साहेबलोक 'एम्प्लॉयी एंगेजमेंट' म्हणतात. आपल्या भाषेत, गड्याचं कामात मन आहे का नाही ते तपासणं.

मित्र त्या खात्यात सहा वर्षं आहे. त्याच्या हाताखाली काम शिकलेला पोरगा यंदा त्याचा टीम लीडर झाला. का झाला, कोणी सांगितलं नाही. विचारायला गेला तर उत्तर मिळालं, 'तुझं काम चांगलंच आहे रे, पण पर्सनॅलिटीचा पण भाग असतो.' रुजू झाला त्या पहिल्या दिवशी कॅन्टीनमध्ये एकानं त्याला विचारलं होतं, 'पूर्ण नाव काय तुझं?' यानं सांगितलं. तो म्हणाला, 'अच्छा.' या 'अच्छा'चा अर्थ ज्यांना समजावून सांगावा लागत नाही त्यांच्यासाठीच हा अंक निघतो. फॉर्मवर मित्रानं सगळीकडं तीनवर खूण केली. तीन म्हणजे धड हो नाही, धड ना नाही. तीन म्हणजे तोंड बंद.

पुढच्या मीटिंगला साहेबांनी पडद्यावर आलेख दाखवला. खात्याचा उत्साह कमी पडतोय म्हणाले. उपाय? दर शुक्रवारी पिझ्झा.

दोस्तहो, यात हसण्यासारखं आहे, पण नुसतं हसून सोडून देण्यासारखं नाही. मालकाची, साहेबाची, मुकादमाची ही तक्रार शंभर वर्षं जुनी आहे. माणसं मन लावून काम करत नाहीत. खाडे करतात. बिडीला म्हणून जातात ते तासानं येतात. आणि आमच्या माणसाबद्दल बोलायचं झालं की या तक्रारीला हमखास एक शेपूट लागतं : 'यांना सवयच नाही', 'कोट्यातनं आलेले, दुसरं काय होणार?' आम्ही ही तक्रार सरसकट खोटी म्हणणार नाही. खाडे होतात. हात आखडता घेतला जातो. जे काम तासात उरकतं त्याला दोन तास लावले जातात. आमच्या बापानं लावलेत, आम्हीही लावतो. पण ते का लावले जातात, याचा हिशेब साहेबाच्या फॉर्मवर कुठल्याच रकान्यात नाही. तो हिशेब या अंकात मांडायचा आहे. मन हे काही माणसानं घरून डब्यात भरून आणायची वस्तू नाही. कामावर त्याला जे वागवलं जातं त्यातून ते लागतं, नाहीतर उडतं.

सुरुवात गिरणीपासून करू. मुंबईत आमची माणसं 'कामगार' झाली ती गिरणीत, गोदीत, रेल्वेत आणि सफाईत. गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, पगार जास्त. त्रासनखात्यात कमी. अस्पृश्य कामगाराला साचेखात्याचं दार बंद होतं. कारण ऐका. धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यायचं. म्हणजे एकाच्या धोट्याला दुसऱ्याचं तोंड लागणार. झाला विटाळ! यंत्र विलायतेहून आलं, कापूस वऱ्हाड-खानदेशातून आला, भांडवल कुठून कुठून आलं. विटाळ मात्र कामगारानं गावाकडून वळकटीत बांधून आणला. सवर्ण विणकर आमच्या माणसाला साच्यावर उभं राहू देईना. सुताची नासाडी होते म्हणून नाही, हात चालत नाही म्हणून नाही. तोंड लागतं म्हणून.

१९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप झाला. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना सांगितलं, मागण्यांच्या यादीत अस्पृश्य कामगाराला सगळी खाती खुली करा ही मागणी घाला. पुढाऱ्यांनी का-कू करत घातली. यादी मालकांपुढं गेली तेव्हा मालक म्हणाले, हा जर अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही. नमुनेदार उत्तर! मालक म्हणतो मी केलं नाही, जॉबर म्हणतो मी केलं नाही, शेजारच्या साच्यावरचा म्हणतो माझी काय हरकत नाही पण बाकीच्यांचं काय. अन्याय आहे आणि अन्याय करणारा कोणीच नाही. आज ज्या ऑफिसात तुम्ही बसता तिथंही हेच ऐकायला मिळतं, फक्त इंग्रजीतून.

पुढच्याच वर्षी, १९२९ ला, पुन्हा संप झाला तेव्हा बाबासाहेबांनी आपल्या कामगारांना कामावर जायला सांगितलं. यावरून काही पंडित आजही नाकं मुरडतात. आमचा त्यांना साधा सवाल आहे. ज्या गड्याला जास्त पगाराच्या खात्याच्या उंबऱ्यावरून त्याच्याच लढाऊ बांधवानं मागं ढकललं, त्या गड्यानं त्या बांधवाच्या संपात मन कुठून आणायचं? उपास दोघांच्या घरी सारखा, आणि संप जिंकल्यावर वाढीव पगार मिळणार तो साचेवाल्याला. मालकाच्या कामात मन लागायला जसा न्याय लागतो तसाच तो युनियनच्या कामात लागायलाही लागतो. आणि ज्यांना वाटतं की हा माणूस मुळातच संपाच्या विरोधात होता, त्यांनी ७ नोव्हेंबर १९३८ आठवावा. संपाचा हक्क आवळणाऱ्या औद्योगिक तंट्याच्या बिलाविरुद्ध त्या दिवशी मुंबईत एक दिवसाचा संप झाला, त्यात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उभे होते. मागणी आपली वाटली, माणसं रस्त्यावर आली.

त्याच वर्षी फेब्रुवारीत मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगाराचे दोन शत्रू आहेत, हे बाबासाहेब तिथंच बोलले. हे वाक्य पोस्टरवर पुष्कळ वेळा छापून झालंय. त्याच भाषणातला एक तपशील मात्र कोणी छापत नाही. आमचा माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला साधा पोर्टरसुद्धा करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामंही करावी लागतात, आणि त्या घरात आमचा माणूस कसा चालणार? बघा हं. नोकरी रेल्वेची, रूळ सरकारचे, आणि बढती अडते मास्तरीणबाईंच्या स्वयंपाकघराच्या दाराशी. ज्याला माहीत आहे की तीस वर्षं घण मारले तरी आपण गँगमनच राहणार, त्यानं एकतिसाव्या वर्षीचा घण पहिल्या वर्षीच्या जोरानं का मारावा?

हे झालं जुनं. आता पहाटे सहाला तुमच्या गल्लीत या.

एकाच रस्त्यावर दोन माणसं झाडताहेत. झाडू एकच, कचरा एकच, वास एकच. एक पर्मनंट, एक कंत्राटी. पर्मनंटला पगार, पी.एफ., भरपगारी रजा, पावसाळ्यात गमबूट आणि रेनकोट. कंत्राट्याला दिवस भरला तर पैसे, नाही भरला तर नाही. आजारी पडला तर 'उद्यापासून येऊ नको'. मुंबई महानगरपालिकेत हे वर्षानुवर्षं चाललं. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात मेख अशी होती की २० किंवा जास्त कामगार असले तरच तो लागू व्हायचा. मग कंत्राटं पाडली गेली ती विसाच्या आतली! वस्तीसफाईच्या योजनेत तर आणखी पुढची मजल. कामगार हा शब्दच काढून टाकला. तुम्ही 'स्वयंसेवक'. तुम्हाला मिळतो तो पगार नाही, 'मानधन'. ज्यानं कोणी हा शब्द शोधला त्याचा सत्कार केला पाहिजे. मान नाही आणि धनही नाही, त्याचं नाव मानधन.

कचरा वाहतूक श्रमिक संघानं हे प्रकरण कोर्टात नेलं. कंत्राट हे सोंग आहे, खरा मालक महापालिकाच आहे, हा मुद्दा. औद्योगिक न्यायाधिकरणानं २०१४ मध्ये २,७०० कामगारांना कायम करा म्हणून सांगितलं. महापालिका वरच्या कोर्टात गेली. उच्च न्यायालयात हरली. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हरली. त्यानंतर तरी संपावं ना? तर कागदपत्रांवरच्या नावांत फरक निघाले. एका कागदावर एक स्पेलिंग, दुसऱ्यावर दुसरं. ज्या माणसाला इतकी वर्षं 'ए' म्हणून हाक मारली, त्याच्या नावातला एक स्वर चुकला म्हणून त्याची नोकरी लटकली. यातले किती जण वाट बघत बघत म्हातारे झाले, किती गेले, ते त्यांच्या घरच्यांना विचारा.

आणि विसाच्या आकड्याचा खेळ संपला असं समजू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. कंत्राटी कामगारांबद्दलच्या तरतुदी आता ५० किंवा जास्त कामगार असतील तिथं लागू. विसाच्या आत कंत्राट पाडणाऱ्याला तेव्हा निदान तुकडे तरी पुष्कळ करावे लागत. आता तेवढाही त्रास नको.

आता कोणी म्हणेल, अरे पण कंत्राटी माणूस तरीही झाडतोच ना? मन नसतं तर झाडलं असतं का? हा प्रश्न बरोबर आहे आणि त्याला टाळून पुढं जाता येणार नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. शहर बुडालं. नंतर जो चिखल, कुजलेलं धान्य, मेलेली जनावरं उचलली ती कोणी? ज्यांची स्वतःची झोपडी वाहून गेली होती तेही कामावर होते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळं शहर दार लावून बसलं तेव्हा घंटागाडी आली का नाही? आली. तर मन होतं. अन्याय असूनही होतं. आपल्या माणसाच्या अंगात काम आहे, आणि हातातलं काम अर्धं टाकून जाणं त्याला जमत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण व्यवस्था या मनाचं काय करते ते बघा. ती त्याला फुकटचा माल समजते. विहिरीचं पाणी उपसावं तसं उपसते, आणि विहीर आटली की म्हणते, आळशी आहेत साले. २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता गच्च्यांवरून टाळ्या झाल्या, थाळ्या झाल्या. टाळ्यांचा आवाज विरल्यावर कंत्राटी माणूस तिथंच उभा होता, एका मास्कवर आठवडा काढत.

आता थोडं पुस्तकातलं. अमेरिकेत जे. स्टेसी अ‍ॅडम्स नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९६३ साली एक मांडणी केली. ती अशी की कामगाराच्या मनात सतत एक तराजू असतो. मी काय घालतो आणि मला काय मिळतं हे एका पारड्यात. शेजारचा काय घालतो आणि त्याला काय मिळतं हे दुसऱ्या पारड्यात. पारडी समान नसली की माणूस अस्वस्थ होतो आणि ती समान करायला बघतो. पगार वाढवून मागतो. नाहीतर आपलं घालणं कमी करतो, म्हणजे हात आखडतो. नाहीतर नोकरी सोडतो. ज्याला साहेब कामचुकारपणा म्हणतो तो पुष्कळदा हा तराजू सरळ करायचा धंदा असतो. त्याला दुसरं कुठलंच माप हातात दिलेलं नसतं. मिळणारं तो ठरवू शकत नाही. घालणं तेवढं त्याच्या हातात.

पण अ‍ॅडम्सनं आणखी एक पळवाट नोंदवली आहे, आणि आमच्या दृष्टीनं तीच महत्त्वाची. माणूस तुलनेचा शेजारीच बदलतो. वरच्याकडं बघायचं सोडून खालच्याकडं बघायला लागतो. आता सांगा, हे आम्हाला अमेरिकेतून शिकायची गरज होती का? पायरीपायरीची विषमता म्हणून बाबासाहेबांनी जातीचं जे वर्णन केलं ते हेच. प्रत्येकाला आपल्याखाली कोणीतरी दिलेला आहे. पर्मनंट झाडूवाला कंत्राट्याकडं बघतो आणि म्हणतो, आपलं बरं आहे बाबा. कंत्राटी झाडूवाला गटारात उतरणाऱ्याकडं बघतो. गटारात उतरणारा कोणाकडं बघणार? २०१३ च्या कायद्यानं सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस गटारात उतरवणं गुन्हा ठरवलं. माणसं मरायची थांबली नाहीत, म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गटारातल्या मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. तर या शिडीमुळं पर्मनंट आणि कंत्राटी एका रस्त्यावर झाडूनही एका मोर्चात येत नाहीत. पगारातल्या फरकानं महापालिकेचे पैसे वाचतात ते दिसतात. पर्मनंटच्या मनातलं ते समाधान मात्र कुठल्या बजेटात दिसत नाही, आणि साहेबाला सगळ्यात जास्त उपयोगी पडतं ते तेच.

दुसरा एक प्रयोग सांगतो, कारण तुमच्या-आमच्या ऑफिसातल्या एच.आर.वाल्या बाईंनी तो वाचलेला असणार. जेराल्ड ग्रीनबर्गनं १९९० साली तो छापला. एकाच कंपनीचे तीन कारखाने. धंदा बसला म्हणून दोन कारखान्यांत १० आठवडे पगार १५ टक्क्यांनी कापला, तिसऱ्यात कापला नाही. पगार कापलेल्या एका कारखान्यात वरिष्ठानं कामगारांना नीट बसवलं, आकडे दाखवले, का कापावं लागतंय ते सांगितलं, वाईट वाटतं म्हणाला. दुसऱ्यात थोडक्यात उरकलं आणि निघून गेला. त्या दहा आठवड्यांत कारखान्यातनं होणाऱ्या चोऱ्या मोजल्या. उरकून टाकलं तिथं चोऱ्या भलत्याच वाढल्या. समजावून सांगितलं तिथं वाढल्या, पण त्या मानानं फार कमी.

यातनं काय घ्यायचं? माणसाला माणूस म्हणून सांगितलं, विचारलं, तर तो तोटाही सोसतो. हे खरं आहे आणि ते आपल्या कामाचं आहे. पण साहेबलोकांनी यातनं वेगळाच धडा घेतला. ते म्हणाले, बघा, कापायचं असलं तर गोड बोलून कापा. तेव्हापासून गोड बोलण्याची शिबिरं निघाली. फर्स्ट नेमनं हाक मारा. वाढदिवसाला केक कापा. 'आपण एक कुटुंब आहोत' म्हणा. कुटुंब! आमच्या आयांनी ज्यांच्या घरी भांडी घासली त्या बायाही म्हणायच्या, तू घरच्यासारखीच आहेस गं. घरच्यासारखी, पण कप वेगळा. मोरीच्या कोपऱ्यात उपडा ठेवलेला. तो कप आणि हा केक आम्ही एकाच फळीवर ठेवतो. वागणूक गोड हवी हे कबूल. पण वाटा, नियम आणि निर्णय जिथल्या तिथं ठेवून फक्त आवाज मऊ केला तर तराजूच्या काट्यावर गूळ चोपडल्यासारखं होतं. काटा काही वेळ चिकटून राहतो इतकंच.

'एंगेजमेंट' हा शब्दही याच सुमाराचा. विल्यम कान या संशोधकानं १९९० मध्ये तो कामाच्या संदर्भात मांडला. माणूस कामात स्वतःला ओतायला तयार कधी होतो, तर कामाला अर्थ वाटला, आपलं खरं रूप दाखवलं तरी धोका नाही असं वाटलं, आणि अंगात-मनात तेवढं बळ शिल्लक असलं तर. चांगली मांडणी आहे, खोटी नाही. त्यानं ती केली मुलांच्या उन्हाळी शिबिरातल्या शिक्षकांवरून आणि एका आर्किटेक्ट फर्ममधल्या माणसांवरून. आपलं खरं रूप दाखवलं तरी धोका नाही! जो पोरगा ऑफिसात आडनाव सांगताना आधी आजूबाजूला बघतो, जो फोनची रिंगटोन बदलूनच आत शिरतो, चौदा एप्रिलची रजा मागताना 'गावाला जायचंय' म्हणतो, त्याच्या मनातली निम्मी ताकद लपण्यातच खर्च होते. उरलेल्या निम्म्यात तो काम करतो. आणि शेजारचा पुऱ्या ताकदीनं. वर्षाअखेर दोघांची तुलना.

एक परदेशी गोष्ट आणखी. आपला पँथर १९७२ साली ज्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन उभा राहिला त्याच काळातली, पण झाडूवाल्यांची. मेम्फिस शहर. १ फेब्रुवारी १९६८. धो धो पाऊस. कचऱ्याच्या गाडीवरचे दोन काळे कामगार, एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर, पावसात आडोशाला कुठं उभे राहणार? गोऱ्या वस्तीत त्यांनी थांबलेलं चालायचं नाही. म्हणून ते गाडीच्या मागच्या डब्यात शिरले. कचरा दाबायचं यंत्र अचानक सुरू झालं. दोघं चिरडून मेले. या गाड्या खराब आहेत अशी ओरड आधीपासून होती. त्याच सुमाराला आणखी एक घडलं. पावसामुळं गटारखात्यातल्या काळ्या मजुरांना थोडेसे पैसे टेकवून घरी धाडलं. गोऱ्या सुपरवायझरांना मात्र पुऱ्या दिवसाचा पगार. १२ फेब्रुवारीला तेराशेच्या आसपास कामगार कामावर आलेच नाहीत. त्यांच्या गळ्यातल्या पाट्यांवर पगाराचा आकडा नव्हता. 'मी माणूस आहे' एवढंच होतं. मार्टिन ल्यूथर किंग त्यांच्यासाठी मेम्फिसला गेले आणि ४ एप्रिलला तिथंच त्यांचा खून झाला. १६ एप्रिलला शहरानं युनियन मानली, पगारवाढ दिली. दोन माणसं मेली म्हणून राग होताच. पण पावसाच्या दिवशीच्या त्या दोन वेगळ्या पगारांनी आगीत तेल ओतलं, हे विसरू नका. पाऊस एकच पडला होता.

आपल्यातले जे सरकारी कचेऱ्यांत, बँकांत, पोस्टात आहेत त्यांच्यासाठी थोडं कामाचं. तुमचा गोपनीय अहवाल. साहेब वर्षाअखेर दारं लावून तुमच्याबद्दल काय लिहितो त्यावर तुमची बढती. पूर्वी फक्त प्रतिकूल शेरा कळवायची पद्धत होती. पण 'चांगला' हा शेरा प्रतिकूल नाही, आणि बढतीला लागतो 'अतिशय चांगला'. म्हणजे 'चांगला' लिहूनच गळा कापता येतो, आणि ज्याचा कापला त्याला वर्षानुवर्षं पत्ता नाही. सीमा रस्ते खात्यातल्या देव दत्त नावाच्या इंजिनियरचं नेमकं असंच झालं. तो भांडत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००८ मध्ये न्यायालयानं सांगितलं की प्रत्येक शेरा, बरा असो वा वाईट, कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. तुम्ही तुमचा मागितलात का? आम्ही ओळखीतल्या सात-आठ जणांना विचारलं. एकानं मागितला होता. बाकीचे म्हणाले, उगाच साहेबाच्या डोळ्यावर कशाला यायचं. ही भीती आम्हाला समजते. पण ज्याला आपल्याबद्दल काय लिहिलंय तेच माहीत नाही, तो मन लावून करणार तरी काय? अंधारात बाण मारणार. मग हळूहळू बाण मारायचंच सोडतो आणि घड्याळाकडं बघत बसतो. तेव्हा साहेब लिहितो, 'कामात रस नाही.' आणि या वेळी ते खरंही असतं!

इथवर दुसऱ्यांना झोडपलं. आता घरात येतो. आमच्या चळवळीत पोरं टिकत नाहीत, ही आमच्या प्रत्येक बैठकीतली तक्रार आहे. पोरांना कळकळ नाही, मोबाईलमध्ये गुंतलेत, आमच्या वेळी असं नव्हतं. ऐका, ही भाषा कोणाची आहे? साहेबाचीच की! रात्री पोस्टरं चिकटवतो एक, माईक धरतो दुसरा. सतरंज्या टाकणारे आणि उचलणारे तेच चारजण दहा वर्षं. निर्णय होतो तो पुढाऱ्याच्या घरी, आणि कळतो तो व्हॉट्सअ‍ॅपवर. बायांना मोर्चाच्या पहिल्या रांगेत ठेवायचं, फोटो छान येतो म्हणून, आणि बैठकीत चहा कोण करणार हे कोणी विचारतही नाही कारण ते ठरलेलंच असतं. आमच्या या अंकाच्या संपादक मंडळात किती बाया आहेत? एक. तिनंच हा परिच्छेद लिहायला लावला, आणि तो आधीच्या मसुद्यात नव्हता. पोस्टर चिकटवणाऱ्या पोराच्या मनातही तराजू आहे. तो बोलून दाखवत नाही. एके दिवशी यायचा थांबतो.

यावर आमच्यात वाद झाला. एकजण म्हणाला, चळवळ म्हणजे नोकरी नव्हे, इथं पारडी कसली मोजता? आम्हाला ते पटलं नाही. जिथं पगार नाही तिथं तर माणसाला मिळण्यासारखं न्यायाशिवाय दुसरं काय आहे? वाद मिटलेला नाही. ज्यांना वेगळं वाटतं त्यांनी लिहावं, छापू.

पुढच्या अंकासाठी आम्हाला भाषणं नकोत, कविताही थोड्या कमी चालतील. तुमच्या पगाराच्या स्लिपा पाठवा. एकाच कामाच्या दोन स्लिपा, पर्मनंटची आणि कंत्राट्याची, जोडीनं मिळाल्या तर उत्तम. मागून घेतलेला गोपनीय अहवाल पाठवा. कंपनीतला तो एक ते पाचवाला फॉर्म आला तर त्याचे प्रश्न उतरवून पाठवा. तुमच्या वॉर्डातल्या हजेरी चौकीवर जाऊन बघा की बायांना कपडे बदलायला आडोसा आहे का, नळाला पाणी आहे का, आणि ते दोन ओळींत कळवा. नावं खोडून पाठवा. आम्हीही छापणार नाही. आमचा तो प्रुफं तपासणारा मित्र म्हणतो, पुढच्या वेळी फॉर्म आला की तीनवर खूण करणार नाही. शेवटी सूचनांसाठी एक रिकामा चौकोन असतो. त्यात लिहिणार आहे : टीम लीडर कुठल्या नियमानं निवडला?